एवढा मोठा फ्रीजर, मग जागा जाते कुठे? आइस मेकरवाल्या फ्रीजबद्दल थोडं सविस्तर

परवा पुण्याहून वहिनीचा फोन आला. त्यांनी कपाटासारखी शेजारी शेजारी दोन दारं असलेला मोठा फ्रीज घेतलाय आणि वहिनी अगदी वैतागून सांगत होती, "अगं सहाशे लिटरचा आहे म्हणे, पण आमरसाच्या आठ पिशव्या ठेवायच्या तर मला मटार बाहेर काढायला लागतायत, असं कसं?" मी न्यू जर्सीत राहते, भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये, फ्रीज घरमालकाचा, वर फ्रीजर खाली फ्रीज असा साधाच पण आत ऑटोमॅटिक आइस मेकर बसवलेला, आणि गेली सात वर्षं माझीही हीच तक्रार होती. खोवलेला नारळ, मटार, पराठे, गणपतीच्या आधी करून ठेवलेलं सारण, सगळं त्या एवढ्याशा जागेत कोंबायचं आणि दार उघडलं की एखादी पिशवी पायावर. हळूहळू ते यंत्र कसं चालतं ते समजून घेतलं तेव्हा जागा सापडली. वहिनीला फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट लिहितेय, कारण आता आपल्याकडेही असे फ्रीज बरेच घेतले जातात आणि दुकानात कोणी हे समजावून सांगत नाही.

हे यंत्र करतं तरी काय

आइस मेकर म्हणजे आपोआप बर्फ करणारं यंत्र. घरगुती फ्रीजमध्ये ते पहिल्यांदा १९५३ साली अमेरिकेत सर्व्हेल नावाच्या कंपनीने आणलं आणि काम करायची मूळ पद्धत आजही साधारण तीच आहे. फ्रीजच्या मागून पाण्याची एक बारीक नळी येते. तिच्यावरचा व्हॉल्व्ह काही सेकंद उघडतो, साच्यात पाणी पडतं, व्हॉल्व्ह बंद. पाणी गोठून साचा पुरेसा थंड झाला की यंत्राला ते कळतं आणि मग साच्याखालचा छोटा हीटर चालू होतो. फ्रीजरमध्ये हीटर कशाला असं वाटेल, पण कुल्फीवाला साचा दोन्ही हातांत धरून चोळतो ना, कडेची कुल्फी जरा सुटी व्हावी म्हणून, तेच काम हा हीटर करतो. कडा सुटल्या की आतले दात गोल फिरतात आणि खडे खालच्या डब्यात ढकलतात. नेहमीच्या यंत्रात एका वेळी आठेक खडे पडतात आणि दीड-दोन तासांनी पुन्हा तोच फेरा. दिवसाला साधारण दीड ते दोन किलो बर्फ होतो.

थांबतं कधी? डब्यावर तारेची एक दांडी असते, ती प्रत्येक फेऱ्यात वर जाते आणि परत खाली येते. डबा भरला की बर्फाच्या ढिगाऱ्यामुळे ती खाली येऊच शकत नाही, वरच अडकते, आणि यंत्र थांबतं. गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक आठवा, पाणी वर आलं की तो उचलला जातो आणि नळ बंद होतो, अगदी तसंच. काही नव्या फ्रीजमध्ये दांडीऐवजी प्रकाशाचा सेन्सर असतो, काम तेच.

आता ह्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की ह्या यंत्राला तुम्हाला बर्फ किती लागतो हे माहीतच नसतं. त्याला एवढंच कळतं की डबा भरलाय की नाही. तुम्ही आठवड्यात चार खडे वापरा नाहीतर चाळीस, डबा कायम काठोकाठ भरून ठेवणं हेच त्याचं काम.

जागा किती जाते ते मोजून बघा

मी टेप घेऊन मोजलं. आमचा बर्फाचा डबा साधारण ३८ सेंटीमीटर लांब, १५ रुंद, १५ उंच, म्हणजे साडेआठ लिटर. त्याच्यावर यंत्र जवळपास तेवढंच, शिवाय दांडीला वरखाली व्हायला मोकळी जागा हवी, तिथे काही ठेवता येत नाही. सगळं मिळून अठरा-वीस लिटर तरी जातातच. आमचा अख्खा फ्रीजर ११५ लिटरच्या आसपासचा, म्हणजे सहावा हिस्सा बर्फाचा. तुमच्या घरी आकडे वेगळे येतील पण एकदा मोजाच, कारण आकडा बघितल्याशिवाय पटत नाही.

मला हे पटलं तेव्हा एकच विचार आला, की बर्फ हा काही साठवणीचा पदार्थ नाही. साठवणीचा पदार्थ म्हणजे जो वर्षातून एकदाच करता येतो किंवा एकदाच स्वस्त मिळतो, कुरडया, लोणचं, मेमधला आमरस, जानेवारीतले मटार. त्यांच्यासाठी जागा अडवली तर ठीक. बर्फ तर ताकासारखा आहे, लागला की करायचा. पाणी आणि वीज घरात चोवीस तास आहे, मग दोन-तीन किलो शिळा बर्फ बारा महिने कशाला सांभाळायचा?

आणि तो शिळा होतो हं, खरंच होतो. हल्लीच्या फ्रॉस्ट फ्री फ्रीजरमध्ये, म्हणजे जिथे भिंतीवर बर्फाचा थर साचत नाही अशा, पंख्याने सतत कोरडी हवा फिरत असते. ती हवा खड्यांवरचा बर्फ न वितळवताच उडवून नेते, डांबराच्या गोळ्या कपाटात हळूहळू लहान होतात तसं. म्हणून जुने खडे बारीक, गुळगुळीत आणि एकमेकांना चिकटलेले दिसतात. वर त्यांना आजूबाजूचे वास लागतात. फ्रीजरमध्ये सुके बोंबील किंवा लसणीची पेस्ट नीट बंद न करता ठेवली असेल तर तो वास कोकम सरबतात येतो, आणि पाहुण्यांसमोर आला की फार वाईट वाटतं.

वीज किती खातं हे

अमेरिकेच्या एनआयएसटी ह्या सरकारी मापन संस्थेने २०११ मध्ये आइस मेकरवाले चार प्रकारचे फ्रीज तपासले. आइस मेकरमुळे फ्रीजचा विजेचा वापर १२ ते २० टक्क्यांनी वाढतो असं दिसलं आणि त्या वाढीतला जवळपास तीन चतुर्थांश भाग त्या कुल्फीवाल्या हीटरमुळे होता. म्हणजे घरातल्या सगळ्यात थंड जागी आपण आधी उष्णता सोडतो आणि मग तीच बाहेर काढायला पुन्हा वीज खर्च करतो.

ह्याच्या पुढची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने फ्रीजच्या चाचणीत आइस मेकरसाठी वर्षाला सरसकट ८४ युनिट धरायला सुरुवात केली होती. पुढे हा आकडा २८ वर आणला, कारण लोक घरी प्रत्यक्षात बर्फ फार कमी वापरतात हे लक्षात आलं. घराघरातले डबे भरलेले आहेत आणि त्यातला बर्फ थोडासाच वापरला जातोय, असा सरळ अर्थ मी त्यातून काढते.

मग करायचं काय: आठवड्यातून एक दिवस चालवा

सगळ्यात सोपा उपाय फुकटचा आहे आणि त्याला स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही. तारेची दांडी हाताने वर उचलून अडकवली की यंत्र बंद, कारण त्याला वाटतं डबा भरलाय. काही फ्रीजवर बटण असतं किंवा स्क्रीनवर बर्फ बंद करायचा पर्याय असतो. मी शुक्रवारी रात्री चालू करते, शनिवारी रात्रीपर्यंत दीडेक किलो होतो, तो झिपवाल्या पिशवीत भरून हवा काढून पक्का बंद करते आणि दाराच्या खणात ठेवते, मग दांडी वर. पिशवीतला बर्फ आटत नाही, वासही लागत नाही. आणि तो मोकळा झालेला लांबट डबा? तो मस्त ड्रॉवर आहे, त्यात माझ्या नारळाच्या आणि आमरसाच्या पिशव्या उभ्या राहतात.

पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. दांडी वर केल्याशिवाय डबा बाहेर काढायचा नाही आणि त्यात दुसरं काही भरायचंही नाही. पहिल्या वर्षी मी नुसता डबा काढला आणि त्या जागी पुरणपोळ्यांचा डबा ठेवला, झाकण अर्धवट लागलेलं. डबा बुटका असल्यामुळे दांडी पूर्ण खाली येत होती, म्हणजे यंत्राच्या हिशोबाने बर्फ नव्हताच, त्यामुळे ते रात्रभर खडे टाकत राहिलं आणि सकाळी दार उघडलं तर अख्ख्या खणात बर्फ आणि पोळ्यांना ओल. त्या पोळ्या आईने पाठवल्या होत्या, अजून हळहळ वाटते.

उलटंही होतं. मटारची पिशवी दांडीखाली सरकते, दांडी वर अडकून राहते आणि घरातले म्हणतात आइस मेकर बिघडला. मेकॅनिकला फोन करण्याआधी दांडी मोकळी खालीवर होतेय ना हे बघा, आणि सेन्सरवाला फ्रीज असेल तर सेन्सरवर हिम साचलंय का तेही.

दारातून बर्फ देणारा फ्रीज असेल तर मात्र डब्यात बर्फ पुढे ढकलणारा मळसूत्रासारखा भाग असतो. त्या डब्यात खाण्याचं सामान ठेवू नका, अडकलं तर तो भाग मोडेल. तिथे यंत्र बंद करून तो डबाच काढता येतो का ते फ्रीजच्या पुस्तिकेत बघायचं.

हवेला वाट सोडा

जागा मिळाली म्हणून ती ठासून भरायची नाही. फ्रॉस्ट फ्री फ्रीजरमध्ये गारवा भिंतीतून येत नाही, मागच्या जाळीतून पंखा तो हवेबरोबर आत सोडतो. एसटीत कितीही गर्दी झाली तरी कंडक्टरला मधून जायला वाट लागतेच, नाहीतर मागच्यांना तिकीट मिळणार कसं. तसंच जाळीसमोर दोन-तीन बोटं जागा मोकळी ठेवली नाही तर जाळीजवळचं सामान गोठून दगड आणि दाराकडचं आइस्क्रीम मऊ अशी अवस्था होते. बरेचदा खालच्या फ्रीजकडेही हवा फ्रीजरमधूनच जाते, त्यामुळे वर जाळी बंद झाली की खाली दूध नासायला लागतं आणि कारण कळत नाही. फ्रीजर उणे १८ सेल्सिअसला, इथल्या भाषेत शून्य फॅरेनहाइटला, असावा.

गरम भाजी, कोमट डाळ हे बर्फाच्या डब्याजवळ तर अजिबात ठेवू नका. खड्यांचा वरचा थर वितळतो, परत गोठतो आणि सगळ्याचा एकच गोळा होऊन बसतो.

उरलेल्या जागेत दुप्पट सामान

इथे सगळी मजा पिशव्या आडव्या गोठवण्यात आहे. आमरस, डाळ, रस्सा, खोवलेला नारळ, काहीही असो, झिपच्या पिशवीत भरायचं, हवा काढायची, स्टीलच्या ताटात आडवं पसरून दोनेक सेंटीमीटर जाडीचं करायचं आणि तसंच गोठवायचं. दुसऱ्या दिवशी ती पाटी उभी करून ठेवायची, कपाटात साड्या उभ्या लावतो तशी, म्हणजे कुठली काय ते वरून वाचता येतं. पातळ थर लवकर गोठतो आणि लवकर सुटतो, निम्मी पाटी मोडून घेता येते, अख्खा डबा सोडवत बसावं लागत नाही. हवा काढायचं अजून एक कारण, पिशवीत हवा राहिली की बर्फाचे खडे जसे आटतात तसंच अन्नही आटतं, वरचा भाग पांढुरका कोरडा पडतो, इंग्रजीत त्यालाच फ्रीजर बर्न म्हणतात. खाल्लं तर बाधत नाही पण चव जाते.

पातळ पदार्थ गोठताना फुगतो, पाणी साधारण ९ टक्के, तेव्हा पिशवी गळ्यापर्यंत भरू नका आणि काचेची बरणी तर नकोच.

गोल डबे बंद करा. चौकोनी जागेत गोल डबा ठेवला की चार कोपऱ्यांत मिळून २१ टक्के जागा वाया जाते, हे शाळेतल्या भूमितीने सुद्धा काढता येतं. आइस्क्रीमचे रिकामे गोल डबे आपल्याला टाकवत नाहीत, मलाही टाकवत नाहीत, पण ते फ्रीजरमध्ये नकोत, डाळी-तांदळाला वापरा. पराठे, समोसे, वाटाणे ह्यांची पुठ्ठ्याची खोकी घरी आल्या आल्या फेकायची, कितीक वेळा अर्ध्या खोक्यात हवाच असते, फक्त मागची कृती कापून पिशवीत घालून ठेवायची.

यंत्राच्या शेजारी किंवा डब्याच्या खाली जी अरुंद चिंचोळी फट राहते ती ह्या उभ्या पाट्यांसाठीच असल्यासारखी असते. उंच खण असेल तर मध्ये तारेची एक छोटी मांडणी ठेवली की एकाचे दोन खण होतात, जाळीदारच घ्या म्हणजे हवा अडत नाही.

"पण भरलेला फ्रीजर चांगला असतो ना, मग बर्फ राहू दे की"

हे मला खूप जण विचारतात आणि त्यात तथ्य आहे. वीज गेली आणि दार उघडलं नाही तर गच्च भरलेला फ्रीजर साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास, असं इथले सरकारी अन्नसुरक्षेचे नियम सांगतात. पण ते काम कुठलाही गोठलेला जिन्नस करतो, मटार करतात, आमरस करतो. बर्फानेच जागा भरली पाहिजे असं काही नाही. आणि खरंच रिकामी जागा राहिली, गावाकडे लोडशेडिंग असेल, तर पाण्याच्या बाटल्या तीन चतुर्थांश भरून ठेवा, चौकोनी असल्या तर उत्तमच, सामान आलं की बाहेर काढता येतात.

"सारखं बंद-चालू केलं तर बिघडणार नाही का"

दांडी किंवा बटण त्यासाठीच दिलेलं आहे, बाहेरगावी जाताना बंद ठेवा असं पुस्तिकेतच लिहिलेलं असतं. फक्त बरेच दिवस बंद राहिलं तर नळीत पाणी साचून राहतं, म्हणून पहिले दोन-तीन घाणे फेकून द्यायचे. कुंड्यांना घाला, वाया नको.

"मग काढूनच टाकू का"

स्वतःचा फ्रीज असेल आणि बर्फ कधीच लागत नसेल तर विचार करा, बऱ्याच साध्या फ्रीजमध्ये ते दोन-तीन स्क्रू आणि वायरच्या एका प्लगवर टांगलेलं असतं. पण फ्रीजचा प्लग काढल्याशिवाय हात लावू नका आणि पाण्याचा कॉक आधी बंद. कॉक चालू राहिला आणि व्हॉल्व्ह थोडा जरी गळका असला तर पाणी थेंब थेंब फ्रीजरमध्ये येऊन गोठत जातं. वॉरंटीत असाल तर कंपनीच्याच माणसाकडून करून घ्या. माझ्यासारखे भाडेकरू असाल तर अजिबात नको, दांडी वर करणं पुरेसं आहे.

आणि ज्यांच्याकडे वर फ्रीज, खाली ड्रॉवरसारखा फ्रीजर असा प्रकार आहे त्यांनी आधी बघा की आइस मेकर आहे कुठे. बरेचदा तो वरच्या फ्रीजच्या कोपऱ्यात वेगळ्या बंद कप्प्यात असतो. तो बंद करून फ्रीजरमध्ये काहीच जागा वाढणार नाही, विजेची बचत तेवढी होईल.

वहिनीच्या फ्रीजचं काय

आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच फ्रीजमध्ये ऑटोमॅटिक यंत्र नसतंच, मूठ पिळली की खडे पडतात तो पिळायचा ट्रे असतो, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये तो पूर्ण संच सरकवून बाहेर काढता येतो. ज्यांचा असा आहे त्यांनी तो उन्हाळ्यानंतर काढून माळ्यावर ठेवा, एक अख्खा खण मिळतो. वहिनीचा मात्र खरा ऑटोमॅटिक, नळाला जोडलेला निघाला. तिच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं, त्यामुळे साच्यात पांढरा क्षार धरलेला, आणि आरओ मशीनमधून जोडणी घेतली तर पाण्याचा दाब कमी पडून खडे छोटे आणि पोकळ येतात. मी तिला म्हटलं, लग्नकार्य, मुलांची सुट्टी असेल तेव्हाच चालू कर, पाहुणे यायच्या दोन दिवस आधी. तिने यंत्र बंद करून डबा काढला आणि त्या खणात आमरसाच्या आठच्या आठ पिशव्या उभ्या बसल्या, वर मटारही आत गेले, तिने फोटो पाठवला.

आम्ही डिसेंबरमध्ये चार आठवडे घरी येणार आहोत. निघायच्या आदल्या दिवशी दांडी वर, डबा रिकामा करून पुसून परत जागेवर, आणि सिंकखालचा पाण्याचा कॉक बंद. कॉक सगळ्यात महत्त्वाचा, कारण फ्रीजमागची ती प्लास्टिकची नळी तडकली तर महिनाभर पाणी वाहत राहील आणि खालच्या मजल्यावरच्यांचं छत भिजेल.